फुलाच्या पाठीचाही फोटो पाठव

प्रिय विनय,

सप्रेम नमस्कार.

तुझा पांढऱ्या फुलाचा फोटो मिळाला. पाच पाकळ्या, मधोमध पिवळसर ठिपका, मागचं सगळं धूसर. फोटो देखणा आहे. पण ‘हे कोणतं फूल?’ या तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. तगर असू शकेल, पांढरी सदाफुली असू शकेल. शेजारी मोजायला काहीच नसल्यामुळे फूल बोटाच्या पेराएवढं आहे की तळहात भरेल एवढं, हेही कळत नाही, म्हणून पांढरा चाफाही बाद करता येत नाही. एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. त्या पाकळ्या भिरभिऱ्यासारख्या एकाच दिशेनं वळलेल्या आहेत आणि प्रत्येकीची एक कड शेजारणीखाली दडली आहे. ही खूण करवंदाच्या कुळाची. तगर, सदाफुली, चाफा, कण्हेर, करवंद ही सगळी त्याच घरातली. फोटोनं आपल्याला कुळापर्यंत आणून सोडलं, पुढचं नाव त्याला सांगता येत नाही.

पुढे जायचं तर पाकळ्यांवरून नजर काढून झाडाकडे वळवायला हवी. तगरीची पानं गर्द हिरवी, तुकतुकीत आणि फांदीवर समोरासमोर जोडीनं येतात, आणि पान खुडलं की पांढरा चीक येतो. सदाफुलीची पानंही समोरासमोरच, पण रोप बुटकं असतं आणि पानाची मधली शीर फिकी, उठून दिसणारी. चाफ्याच्या फांद्या जाड, बोथट, आणि पानं टोकाशी गोळा झालेली. कण्हेरीची लांबट, चिवट पानं एकेका पेरावर तीन-तीन येतात आणि फुलाच्या घशात झालर असते. करवंदाला तर काटेच. म्हणजे बघ, पाकळ्या हातानं झाकल्या तरी ही पाचही झाडं वेगळी ओळखू येतात, आणि नुसत्या पाकळ्या दिसल्या तर एकही खात्रीनं ओळखू येत नाही. या पत्रात मला तुला मुख्यतः हेच सांगायचं आहे. फूल ओळखायचं असेल तर फुलाखेरीज जे जे आहे त्याचेही फोटो काढ, आणि वर्षभर काढ.

आता एक फूल समोर आलं की मी काय करतो ते सांगतो. आधी दोन पावलं मागे सरून अख्ख्या झाडाचा फोटो: झुडूप आहे, वेल आहे, की जमिनीलगतचं रोप. मग फांदीचा, ज्यात पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे स्पष्ट दिसेल. पान उलटं करून त्याच्या पाठीचा. मग फुलाचा समोरून, आणि त्यानंतर बाजूनं आणि मागून. पाठीचा हा फोटो लोक काढत नाहीत, आणि माझ्या मते तो सगळ्यांत मोलाचा. जास्वंदीचं फूल मागून बघ. पाच दातांचा हिरवा पेला दिसेल, आणि त्याच्याही खाली अरुंद हिरव्या पात्यांचं आणखी एक कडं. भेंडी, कापूस, अंबाडी ही तिची भावंडं. त्यांच्याही फुलामागे हे जादा कडं सापडतं, फक्त त्याच्या पात्यांची संख्या आणि आकार बदलतो. समोरून बघितलं तर या सगळ्यांचे पुंकेसर एका नळीत जुळलेले असतात आणि त्या नळीतून स्त्रीकेसर बाहेर डोकावतो. जास्वंदीत त्याच्या टोकाला पाच मखमली ठिपके दिसतात. एकदा ही रचना डोळ्यांत बसली की त्या कुळातलं अनोळखी फूलही परकं वाटत नाही.

बाजूच्या फोटोचं महत्त्व भोपळ्याच्या वेलावर फार चटकन कळतं. नर फूल नुसत्या देठावर, आणि मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा तयारच. समोरून दोन्ही पिवळीच दिसतात. पावसाळी लिलीतही तसंच. पाकळ्यांच्या तळाशी, बाहेरच्या बाजूला, फुगीर हिरवी गाठ असते. ते तिचं अंडाशय. कळलावीत ते पाकळ्यांच्या वर, मधोमध उघडं बसलेलं असतं. दोन्ही फुलांना पाकळ्या सहा, दोन्हींना लोक सर्रास लिली म्हणतात, पण या एका खुणेवरून त्यांची कुळं वेगळी काढता येतात.

तुला मजा वाटेल असं आणखी एक. ज्याला आपण पाकळी समजून फोटोत पकडतो ती पुष्कळदा पाकळी नसतेच. बोगनवेलीचा तो झगमगीत गुलाबी भाग म्हणजे रंगीत पानं. खरी फुलं त्या तीन पानांच्या आत, प्रत्येकावर एक, बारीक पांढरट नळीसारखी. वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६६ ते १७६९ या काळात बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीनं पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्याच्या मोहिमेत कॉमर्सन नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता, आणि ब्राझीलमध्ये त्यानं ही वेल गोळा केली. त्याच्याबरोबर मदतनीस म्हणून पुरुषाच्या वेषात गेलेली झान बारे ही पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री. बोगनवेल दिसली की मला कॉमर्सनच्या आधी तिची आठवण येते. त्याच बोगनवेलीच्या कुळातली आपली गुलबक्षी. तिलाही पाकळ्या नाहीत, जो रंगीत कर्णा दिसतो तो निदलांचा, म्हणजे एरवी फुलामागे हिरवा पेला होणाऱ्या भागांचा. कर्दळीत तर पुंकेसरच पसरट होऊन पाकळ्यांचं सोंग घेतात, आणि खऱ्या पाकळ्या मागे अरुंद, बिनभपक्याच्या राहतात. झेंडू, शेवंती, सूर्यफूल यांच्याबद्दल तर काय सांगू! एक फूल म्हणून आपण ज्याचा फोटो काढतो तो शेकडो फुलांचा मेळावा असतो. सूर्यफुलाच्या तबकडीत कडेची फुलं आधी उमलतात आणि ही लाट रोज थोडी आत सरकते. प्रत्येक फुलात आधी पराग बाहेर येतात, मग दुभंगलेला स्त्रीकेसर. रोज त्याच वेळी, त्याच जागेवरून एक फोटो काढलास तर ही लाट आत जाताना दिसेल. हे जरूर करून बघ.

पुंकेसर मोजायची सवय लाव. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनियसनं १७३५ मध्ये वनस्पतींचे २४ वर्ग पाडले ते मुख्यतः पुंकेसरांवरून. ती वर्गवारी पुढे मागे पडली. १७५३ मध्ये त्यानं सरसकट वापरलेली दोन शब्दांच्या नावांची पद्धत मात्र टिकली. तरीही बागेत उभ्या उभ्या ओळखायला ही मोजणी आजही कामाला येते. मोगरा, जाई, जुई, प्राजक्त, या सगळ्यांना पुंकेसर फक्त दोन. पाकळ्या पाच असोत, सहा असोत की आठ, पुंकेसर दोनच. पाच पुंकेसरांचं पांढरं फूल कितीही जाईसारखं दिसलं तरी ते जाईच्या घरातलं नाही. पुंकेसर नळीत आत दडलेले असतील तर गळून पडलेलं ताजं फूल घे, नखानं उभं चीर, पट्टीशेजारी ठेव आणि फोटो काढ. झाडावरचं फूल तोडायची गरज पडत नाही.

इथे दुहेरी फुलं घोटाळा करतात. बटमोगरा, भरगच्च जास्वंद, गुलाब यांच्यात पुंकेसरांच्या जागी पाकळ्याच आलेल्या असतात. दुहेरी जास्वंदीत नीट शोधलंस तर अर्धवट बदललेले पुंकेसर सापडतील: खाली पाकळी, कडेला एखादा पिवळा परागकोष चिकटलेला. जर्मन कवी गटेनं १७९० मध्येच मांडलं होतं की फुलाचे सगळे भाग म्हणजे पानाचीच बदललेली रूपं. कोणती जनुकं कुठे काम करतात म्हणून एके ठिकाणी पाकळी आणि दुसरीकडे पुंकेसर होतो, याचं सुटसुटीत प्रारूप कोएन आणि मायरोविट्झ या जीवशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये दिलं. आणि त्याचा पुरावा तुझ्या कुंडीत आहे! असा अर्धामुर्धा पुंकेसर मिळाला तर त्याचा जवळून फोटो मला हवाच आहे. पण ओळख पटवायला शिकताना एकेरी फुलापासून सुरुवात कर.

कॅमेऱ्याचं म्हणशील तर फोन पुरतो. त्रास देतात ते दोन रंग. लाल जास्वंदीचा फोटो काढला की ती सपाट लाल डागासारखी येते, शिरा नाहीत, घड्या नाहीत. लाल रंगाची नोंद कमाल मर्यादेला जाऊन थडकते आणि बारकावे पुसले जातात. अशा वेळी एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, थोडं खाली आण, फोटो जरा काळपट वाटला तरी चालेल. पांढऱ्या फुलाचंही तेच. मागे गर्द पानं असली की कॅमेरा त्या काळोखाला उजळ करायला जातो आणि फूल भाजून निघतं. तिथेही एक्स्पोजर खाली. उलट पांढऱ्या फुलानंच चौकट भरली असेल तर कॅमेरा त्याला राखाडी करतो, तिथे वर. दुपारच्या उन्हात फुलावर छत्री धर, ढगाळ दिवशी तीही लागत नाही. जवळून काढताना फोकस जेमतेम काही मिलिमीटरपुरताच राहतो, म्हणून तो पाकळीवर न ठेवता पुंकेसर-स्त्रीकेसरावर ठेव, कारण मोजायचं आहे ते तिथे. वारा पहाटे कमी असतो. आणि शेजारी पट्टी ठेवायला विसरू नकोस.

कार्ल ब्लॉसफेल्टचे फोटो मिळाले तर बघ. हा जर्मन शिक्षक. कळ्या, कोंब, वाळलेली बोंडं साध्या पार्श्वभूमीवर ठेवून, स्वतः जुळवलेल्या कॅमेऱ्यानं कित्येक पटींनी मोठी करून टिपायचा, तेही विद्यार्थ्यांना आकार दाखवण्यासाठी. १९२८ मध्ये ते पुस्तकरूपानं आले आणि लोक थक्क झाले. रंग नाही, धूसर पार्श्वभूमीची कलाकुसर नाही, तरी त्या कोंबावरून नजर हटत नाही. ओळख पटवणारा फोटो रूक्षच असतो असं कोणी म्हणालं तर मी त्याला हे फोटो दाखवतो.

आता ऋतूंकडे येतो. पावसाळ्यात उजेड मऊ असतो, रंग खरे उतरतात, आणि बागेत रोज काहीतरी नवं उगवतं. पावसाळी लिलीचे कांदे महिनोन्महिने गप्प असतात आणि चांगल्या सरीनंतर काही दिवसांतच फुलं वर काढतात. सर कधी आली आणि फूल कधी आलं, दोन्ही लिही. तेरड्याचा फोटो बाजूनं काढ. मागे बाकदार शेपटीसारखी नळी दिसेल, मध तिच्यात असतो. त्याची पिकलेली बोंडं बोट लागताच फुटतात आणि बिया उडतात. तो क्षण पकडायला फोन सलग फोटोंवर ठेवावा लागतो. गोकर्णही याच दिवसांत भरात असते. वाटाण्याच्या फुलात मोठी पाकळी वर असते, गोकर्णीत ती खाली, म्हणजे फूल चक्क उलटं लटकलेलं. त्यामुळे आत शिरणाऱ्या मधमाशीच्या पोटाला नाही, पाठीला पराग लागतात. माशी आत असताना बाजूनं फोटो घेतलास तर हे दिसेल. पण त्यासाठी एकेरी गोकर्णच हवी.

हिवाळा शेवंतीचा. रात्र लांबली की तिला कळ्या धरतात. दिवसरात्रीच्या लांबीवर झाडांचं फुलणं अवलंबून असतं, हे गार्नर आणि अॅलर्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवलं. शेवंतीची कुंडी रात्रभर दिव्याच्या उजेडात राहिली तर बहर लांबणीवर पडतो. तुझ्या दोन कुंड्यांपैकी एकीलाच उशीर होत असेल तर आधी जवळ दिवा आहे का ते बघ. सूर्य खाली असतो, म्हणून पाकळीआडून येणारा उजेड सकाळी बराच वेळ मिळतो. पाकळीतल्या शिरा टिपायला याहून चांगला काळ नाही.

उन्हाळ्यात लोक बागेत जात नाहीत, मी मात्र याच दिवसांचा आग्रह धरीन. फुलं कमी, म्हणून शेंगा, बोंडं, बिया, सालीचे फोटो काढायला मन मोकळं असतं. कर्दळीचं खरखरीत बोंड आणि त्यातली दगडासारखी टणक काळी बी, प्राजक्ताची चौकोनी कोवळी फांदी आणि कानशीसारखं खरबरीत पान: ही ओळख फुलांपेक्षा पक्की. फूल चार दिवसांचं, साल बारा महिन्यांची.

रात्रीच्या फुलांना वेगळा वेळ दे. मधुमालतीचा घोस संध्याकाळी पांढरा उमलतो, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी लाल. एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात ते वेगवेगळ्या वयाच्या फुलांचे. नव्या फुलाच्या देठाला दोरा बांध, म्हणजे पाठोपाठच्या फोटोंत तेच फूल सापडेल. ज्याला आपण बागेतलं ब्रह्मकमळ म्हणतो ते मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंग, हिमालयातल्या ब्रह्मकमळाशी त्याचं नातं नाही. त्याचं ‘पान’ म्हणजे चपटं झालेलं खोड, म्हणूनच पानाच्या कडेतून फूल आल्यासारखं दिसतं. ते एका रात्रीत उमलून मिटतं, तेव्हा ट्रायपॉड लाव आणि अंधार पडल्यापासून ठराविक अंतरानं फोटो घेत राहा. दिवा समोरून नको, बाजूनं, पातळ कागदाआडून.

नाव सांगणारी अॅप्स वापरायची का, असं तू विचारलं होतंस. जरूर वापर. पण ती देतात तो अंदाज. त्यांना पान, फूल, फळ वेगवेगळं दाखवलंस तर अंदाज सुधारतो, आणि दोन फोटोंना दोन नावं आली तर थांबून स्वतः पुंकेसर मोजायचे. बागेतल्या संकरित जातींपुढे ती सहज गोंधळतात. तिथे कुळ किंवा प्रजातीपर्यंत (इंग्रजीत जीनस) येऊन थांबण्यात कमीपणा नाही. ‘जास्वंदीची कोणतीशी संकरित जात’ हे प्रामाणिक उत्तर आहे. आणि स्थानिक नावाशेजारी शास्त्रीय नाव लिहीत जा. सोनचाफा, पांढरा चाफा, हिरवा चाफा या तिघांची कुळं तीन आहेत, नुसतं ‘चाफा’ लिहिलंस तर वर्षानं तुलाच उलगडणार नाही.

फोटोत तारीख आपोआप नोंदली जाते, ती कधी पुसू नकोस. जपानात क्योटोमध्ये चेरीच्या बहराच्या नोंदी इ. स. ८१२ पासूनच्या मिळतात, राजदरबारी आणि भिक्षूंच्या रोजनिशांतून जमवलेल्या. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांना त्या दिवशीचं फूल तेवढं नोंदवायचं होतं. २०२१ मध्ये तिथला बहर २६ मार्चला ऐन भरात आला, तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर कधीच नव्हता, आणि तापमानवाढीचा तो एक ठळक पुरावा ठरला. तुझ्या मोगऱ्याची पहिली कळी कोणत्या तारखेला उमलली, ही नोंदही त्याच जातीची आहे. मला ती मनापासून महत्त्वाची वाटते. प्रत्येक झाडाचा एक फोल्डर कर, फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस घाल, म्हणजे सगळे फोटो आपोआप काळाच्या क्रमानं लागतील.

पहिल्या पावसानंतर कुंपणापाशी कळलावी वर येईल. तिचं पानाचं टोक लांबून तारेसारखं वळतं आणि आधाराला विळखा घालतं, तो विळखा आधी टिप. फूल उमलताना हिरवट-पिवळं असतं, मग वरून खाली लाल होत जातं, आणि स्त्रीकेसर मुळाशी काटकोनात वळलेला असतो, तो बाजूनंच दिसतो. फक्त तिचा कंद उकरू नकोस. कळलावीचं कंदापासून बीपर्यंत सगळंच विषारी आहे, तेव्हा फोटो काढून झाले की हात धू आणि घरातल्या लहानग्यांना आजच सांगून ठेव.

तुझा,
श्रीधर